दह्यावर ठेवलेल्या कोंबड्या

रंगरावाने कोंबड्यांना दही घालायचं ठरवलं ते मंगळवारी सकाळी, संडासात बसल्या बसल्या. आयुष्यातले सगळे मोठे निर्णय त्याने याच बैठकीत घेतले होते. कंपनीची व्हीआरएस घ्यायची की नाही, मोशीचं खालचं रान बिल्डरला द्यायचं की नाही, सगळं तिथेच ठरलं. (लग्नाला होकार दिला तेव्हा घरात संडास नव्हता, इंद्रायणीचा काठ होता. पण बैठक तीच.) कारण तिथे त्याला वेळ भरपूर मिळायचा. पाऊण तास कुठे गेला नाही. पोट साफ होत नाही ही तक्रार तो डॉक्टर सोडून सगळ्यांना सांगत असे.

दारावर थाप पडली.

“आप्पा, माझी बस सव्वासहाची आहे.”

हा प्रज्वल, रंगरावाचा एकुलता एक मुलगा. चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. फर्स्ट शिफ्ट.

“वाजवू नगं. वाजवलंस की माझं पुन्हा पहिल्यापासनं सुरू.”

“काल पण बस चुकली. रिक्षाने गेलो.”

“मग आज बी जा. ह्ये काय माझ्या हातात हाय का?”

बाहेर टॉवेल झटकल्याचा आवाज आला. मग प्रज्वल म्हणाला, “आणि खुराड्याचं लक्षात आहे ना? रविवार.”

लक्षात नसायला काय झालं? तेवढं एकच तर लक्षात होतं.

रंगरावाच्या घरापुढे तीन गुंठ्यांचं अंगण होतं. दोन्ही बाजूंना बावीस-बावीस मजली टॉवर उठले होते, त्यांची नावं कोणाला उच्चारता येत नव्हती आणि मधल्या या अंगणात दुपारी बारा ते एक एवढंच ऊन यायचं. त्या अंगणात फाटकाजवळ एक पत्र्याचं खुराडं होतं आणि खुराड्यात पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. एकतीस वर्षं प्रेसशॉपच्या फायनल इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसाने कोंबड्यांची नावं काय ठेवावीत? सुपरवायझर, स्टोअरकीपर, टाइमकीपर, हेल्पर आणि ट्रेनी. कोंबड्याचं नाव भोंगा. खुराड्याच्या दाराला एक काळी पाटी अडकवलेली, तिच्यावर खडूने रोजचं प्रॉडक्शन लिहायचं. आणि समोर एक प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीवर बसून रंगराव दिवसभर अंडं कधी येतंय याकडे डोळे लावून असायचा. (दुपारी तासभर कोंबड्या अंगणात मोकळ्या सोडून तो झोपायचा, तेवढीच लंच सुट्टी.) रिटायर माणसाला दुसरं काय काम असतं?

तर या पाटीवर गेले दहा दिवस रोज शून्य लागत होतं.

प्रज्वलचं म्हणणं सरळ होतं. नुसत्या खातात, घाण करतात, अंडं एक देत नाहीत. त्या जागेत गाडी उभी राहील. रविवारी त्याचे सासरे, स्वरूपाचे वडील निरंजनराव, नवी गाडी दाखवायला कासारवाडीहून येणार होते आणि बारा-एकच्या उन्हातही गाडीला सावलीची जागा एकच, खुराड्याची. बापलेकात बरीच बाचाबाची होऊन शेवटी एक टार्गेट ठरलं: रविवारी दुपारपर्यंत पाटीवर बारा अंडी लागली, तर खुराडं राहणार. नाही लागली, तर पत्रे उतरवायचे आणि कोंबड्या कोपऱ्यावरच्या खंडूला द्यायच्या. खंडूचं चिकन सेंटर होतं. खंडू कोंबड्या पाळत नसे.

रंगराव टार्गेटला भ्यायचा माणूस नव्हे. पण व्हीआरएसच्या वेळी साहेबाने त्याला हेच ऐकवलं होतं, की काका, तुमचं आउटपुट राहिलं नाही. तेव्हापासून आउटपुट हा शब्द ऐकला की त्याचं जेवण तुटायचं. आणि आता त्या पाच जणी खाली मान घालून माती उकरत होत्या, त्यांना यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं.

दह्याची कल्पना आली ती सुनेच्या मोबाइलमधून. सोमवारी संध्याकाळी स्वरूपाने त्याला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशातली एक गोरी बाई कोंबडीला मांडीवर घेऊन चमच्याने दही भरवत होती. कोंबडी गुबगुबीत. रंगरावाने तो तीनदा पाहिला, आणि मंगळवारी सकाळी त्या पाऊण तासात त्याचं डोकं चाललं. त्यांच्या कंपनीत प्लेटिंगच्या खात्याला रोज दुधाची पिशवी मिळायची. प्रेसशॉपला नाही. आणि वर्षाच्या शेवटी प्रॉडक्शनचं बक्षीस कोणाला? प्लेटिंगला. एकतीस वर्षं हे त्याच्या मनात सलत होतं. (प्लेटिंगला दूध मिळायचं ते ॲसिडच्या वाफेमुळे. पण ते त्याला कधीच पटलं नाही.)

“दूध मिळालं की काम व्हतंय,” तो दार उघडून बाहेर येत म्हणाला.

“कुणाचं?” मंजुळाबाईने विचारलं. ती त्याची बायको, बेचाळीस वर्षांची सोबत.

“कोंबड्यांचं. त्यांना दही सुरू करायचं.”

मंजुळाबाईने भाकरी उलटली. “अहो, कोंबडीनं जन्मात कधी आईचं दूध प्यालंय का? तिला दह्याचं काय पचणार?”

“मोबाइलवर दावलंय.”

“मग राह्यलंच.”

दही आणायचं म्हणजे मुरारीकडून. मुरारी भिंतीपलीकडे राहायचा. दोन म्हशी, एक गाय, लहानपणापासूनचा मैतर. गेल्या कार्तिकात त्याने माळ घातली आणि तेव्हापासून मटण-मासे तर सोडाच, अंड्याचं चित्र असलेल्या रिक्षातसुद्धा तो बसेना. रंगराव गेला तेव्हा तो गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला.

“आत येऊ नगं रंग्या. गाय व्यायला झालीया. दृष्ट लागंल.”

“माझी दृष्ट? तुझ्या गाईला?”

“कुणाची बी.” आणि त्याने दार मागे ओढून घेतलं.

एवढ्या वर्षांत गोठ्यात जायला कधी बंदी नव्हती. पण रंगरावाच्या डोक्यात दही, त्याने लक्ष दिलं नाही. मुरारीची बायको भागूबाई दह्याचं भांडं घेऊन आली.

“भावजी, एवढं दही कुणाला?”

कोंबड्यांना म्हणावं, तर माळकऱ्याच्या घरचं दही. बरं दिसेना.

“मलाच. पोट साफ व्हत न्हाई.”

“ते ठाऊक हाय,” भागूबाई म्हणाली. भिंत काही फार उंच नव्हती.

घरी येऊन रंगरावाने दही ताटलीत ओतलं. पण इन्स्पेक्शनचा माणूस तपासल्याशिवाय माल लाइनवर सोडत नसतो. एक वाटी त्याने स्वतः खाल्लं. ठीक वाटलं. खात्री करायला अजून अर्धी वाटी खाल्लं. उरलेलं कोंबड्यांना. सुपरवायझरने एकदा चोच बुडवली, मान झटकली, रंगरावाच्या लेंग्यावर दही उडवलं, आणि मग पाचीजणी अशा तुटून पडल्या की ताटली वाजायला लागली.

बुधवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे पाऊण तास आत बसून बाहेर आला आणि खुराड्यात डोकावला. गवतावर एक अंडं होतं.

पांढरं.

रंगरावाने घर डोक्यावर घेतलं. प्रज्वल बुटाची नाडी बांधता बांधता येऊन बघून गेला.

“आप्पा, आपल्या कोंबड्यांची अंडी तपकिरी असतात ना?”

“आधी काय खात हुत्या त्या? बाजरी आन किडं. मग तपकिरीच येणार. आता दही खाल्लं. दही कसलं असतंय?”

“पांढरं.”

“मग?”

प्रज्वलने बायकोकडे पाहिलं. स्वरूपा ओढणी तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मंजुळाबाई मात्र खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तांदूळ कालच निवडून झाले होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाटीवर एक लागला. रंगरावाने त्या दिवशी दह्याची मात्रा दुप्पट केली. कोंबड्यांची दुप्पट म्हणजे इन्स्पेक्शनचीही दुप्पट झाली, ते ओघानेच आलं. शिवाय दोन ग्लास ताक. आणि खुर्ची चार फूट पुढे सरकवली, अगदी खुराड्याच्या तोंडाशी.

गुरुवारी शून्य.

गुरुवारी तो जेवला नाही. ताटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून खुराड्याकडे बघत राहिला. “आउटपुट न्हाई,” एवढंच म्हणाला. मंजुळाबाई एकदा म्हणाली, खाऊन घ्या. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. पिशवी उचलून कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

शुक्रवारी सकाळी दोन अंडी. दोन्ही पांढरी.

आता कोणाच्या बापाला ऐकतोय. दुपटीला दोन, तर चौपटीला चार, हे गणित त्याने पाटीच्या मागच्या बाजूला करून ठेवलं. (चौथीपर्यंत शिकला होता, पण चौथीपर्यंतचं पक्कं होतं.) शुक्रवारी दुपारी त्याने फ्रिज उघडला. स्वरूपाने रविवारच्या भाजीसाठी पनीर आणून ठेवलं होतं. संध्याकाळी ते नव्हतं.

“आप्पा, पनीर?”

“इन्सेंटिव्ह दिला.”

“अर्धा किलो?”

“आठ तुकडे मी तपासले.”

शनिवारी मात्र गंमत झाली. रंगराव सकाळी आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. प्रज्वल टॉवेल घेऊन भिंतीला टेकून झोपला होता, त्याला हलवून उठवावं लागलं. रंगराव तसाच अंगणात गेला, तर मंजुळाबाई खुराड्यापुढे वाकलेली, एक हात आत, एक हात पदराखाली.

“काय करतीस गं?”

ती दचकली. “काय न्हाई. अंडं हाय का बघत हुते.”

“हाय?”

“न्हाई,” ती म्हणाली आणि पदर तसाच धरून घाईने आत गेली. “तुमी आज लवकर कसं आलात?”

“झालं.”

“झालं?” तिने दारातून मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की पंचाईत, ते त्याला कळलं नाही.

पाटीवर एकूण तीन. टार्गेट बारा. हातात एक दिवस.

त्याच सकाळी भागूबाई स्टीलचा मोठा डबा घेऊन आली. रात्री गाय व्याली होती, आणि तिने पहिल्या धारेचा चीक आणला होता. निरंजनरावांना खरवस फार आवडतो, हे मंजुळाबाईने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. चीक काही दुकानात मागून मिळत नाही, ज्याच्या गोठ्यात गाय व्याली त्याच्या मनात असेल तर मिळतो. मंजुळाबाईने तो डोळ्यांना लावून फ्रिजमध्ये ठेवला.

“मी दापोडीला भैनीकडं जाऊन येते, मोठं पातेलं आणायचंय. डब्याला हात लावू नगा. आन ऐका, चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, मी आल्यावर गूळ घालून देते.”

ती गेली. स्वरूपाही तिच्यासोबत. घरात रंगराव आणि चीक, दोघंच.

आता त्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. चीक म्हणजे काय? चीक पिऊन वासरू तासाभरात चार पायांवर उभं राहतं. मग कोंबडीला तर दोनच पाय. ज्या मालात एवढी ताकद आहे तो व्याह्याच्या पोटात घालून काय उपयोग? निरंजनराव काय अंडी देणार होते? एक वाटी घेतली तर कोणाला कळणार आहे? त्याने एक वाटी घेतली. मग एक. डबा अर्धा झाला तेव्हा त्याला जरा भीती वाटली, म्हणून उरलेला अर्धा पातेल्यात ओतून त्याने वरून पिशवीचं दूध भरलं. रंग थोडा उतरला, पण फ्रिजचा दिवा लागला नाही तर दिसत नव्हतं.

कोंबड्यांनी चिकाचं घमेलं घासूनपुसून साफ केलं. भोंगा तर त्यात उभाच राहिला.

मग राहिला रिकामा डबा. रिकामा द्यायचा नाही, गूळ कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि मनाला टोचणीही लागलेली. काहीतरी चांगलं द्यावं. रंगरावाची नजर त्या पांढऱ्या अंड्यांवर गेली. पाटीवर नोंद झाली होती, माल डिस्पॅच करायला हरकत नव्हती. मुरारी माळकरी आहे हे तो विसरला, असं कोणी म्हणू नये. त्याने त्याचा पूर्ण विचार केला. ही अंडी झाली कशापासून? दह्यापासून. दही कोणाचं? मुरारीच्याच म्हशीचं. रंगाने पांढरी. म्हणजे हा दुधाचाच पदार्थ झाला, फक्त कोंबडीच्या मशीनमधून निघालेला. माळकऱ्याने खायला काही अडचण नव्हती. दोन अंडी कागदात गुंडाळून डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा त्याने मुरारीच्या ओट्यावर ठेवून दिला. मंजुळाबाई आल्यावर तिला एवढंच सांगितलं, की डबा पोचवला, रिकामा दिला नाही.

रविवार उजाडला. रंगराव चार मिनिटांत बाहेर. खुराड्यात अंडं नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नाही. पाचीजणी पिसं फुलवून, मान खांद्यात घालून उभ्या होत्या आणि जिथे उभ्या होत्या तिथे खाली पातळ पांढरी रांगोळी पडत होती. ट्रेनी तर चालता चालता. मलूल डोळ्यांनी सगळ्या रंगरावाकडे अशा बघत होत्या, की हे तू केलंस.

“आज सकाळीच मोकळं सोडतो जरा. हवा लागंल,” तो स्वतःशीच पुटपुटला आणि खुराड्याचं दार उघडलं.

साडेअकराला निरंजनरावांची गाडी फाटकात आली. मूळचे बीडचे, तीस वर्षं कासारवाडीत वर्कशॉप टाकून बसलेले. गाडी पांढरीशुभ्र, पुढे झेंडूचा हार, आरशाला लिंबू-मिरची आणि आत चारी सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. ते म्हणाले, “काचा खाली ठेवतो बरं का व्याही. नव्या गाडीचा वास डोक्यात जातो माझ्या.”

“प्लास्टिक काढलं न्हाई?”

“सहा महिने काढत नसतो मी. टीव्हीचं अजून काढलं नाही.”

सगळे आत बसले. चहा झाला. स्वयंपाकघरातून मंजुळाबाईचा आवाज येत होता, “अगं स्वरूपा, तासभर वाफ दिली, ह्यो खरवस थिजंना कसा? हलवलं की नुसता डचमळतोय.” रंगराव एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक.

“गाडीत कोण आहे?” निरंजनरावांनी विचारलं.

गाडीत भोंगा होता. स्टीअरिंगवर बसला होता, आणि तोल सांभाळताना प्रत्येक वेळी त्याचा पाय हॉर्नवर पडत होता. मागच्या सीटवर सावलीत ओळीने सुपरवायझर, स्टोअरकीपर, टाइमकीपर आणि हेल्पर. ट्रेनी डॅशबोर्डवर, गणपतीशेजारी. आणि पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत चिकाचा, दह्याचा, ताकाचा आणि अर्धा किलो पनीरचा जो काही हिशेब व्हायचा तो सगळा झालेला.

स्वरूपाने हातातली बशी खाली ठेवून ओढणी नाकाला लावली.

प्रज्वल हळू आवाजात म्हणाला, “आप्पा, पाना कुठे ठेवलाय? पत्र्याचे बोल्ट काढायचेत.”

“अजून बारा वाजले न्हाईत,” रंगराव म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. त्याने दार उघडून ट्रेनीला उचलून काखेत घेतलं. तिचं पोट गरम लागत होतं आणि गुरगुरत होतं. एकतीस वर्षांत त्याने हजारो जॉब रिजेक्ट केले होते, पण एकाचं पोट असं काखेत गुरगुरलं नव्हतं.

याच वेळी फाटक धाडकन उघडलं. मुरारी आत आला. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, एका हातात चिकाचा डबा आणि दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली बादली. कार्तिकानंतर पहिल्यांदाच या अंगणात पाऊल टाकत होता. मागून भागूबाई पळत आली.

“रंग्या,” तो म्हणाला, “थट्टा करायची तर तोंडावर कर. डब्यातनं काय करतोस?”

“कसली थट्टा?”

मुरारीने डबा उघडून पुढे धरला. आत कागद, कागदात दोन पांढरी अंडी. “माळकऱ्याच्या घरी चिकाच्या भांड्यात अंडी घालून धाडतोस? आधी कमी हुती व्हय रं माझ्या घरात?”

“मुरारी, आईच्यान, ती दह्याची अंडी हायती.”

“दह्याची?” मुरारीने निरंजनरावांकडे पाहिलं, जणू हा नवा माणूस तरी काही समजावेल. मग बादलीवरचं फडकं ओढलं. “मग ही कशाची हायती?”

बादली तपकिरी अंड्यांनी काठोकाठ भरलेली होती.

“पंधरा दिवस झालं,” मुरारी म्हणाला. आता त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. “तुझ्या ह्या बाया रोज दुपारी भिंतीवरनं येत्यात आन माझ्या गाईच्या गव्हाणीत अंडी घालून जात्यात. मला हात लावता येईना. ही चिमट्यानं उचलून बादलीत टाकती. खाता येईना, टाकवंना, आन गळ्यात माळ घालून अंड्याची बादली रस्त्यानं आणू कशी? भजनाला पंधरा माणसं बसत्यात माझ्याकडं. बादलीवर देवाचं फडकं टाकून झाकली मी. रोज म्हणायचो, आज रंग्या इचारंल, आज इचारंल. तर ह्यो येतो आन दही मागतो.”

“म्हणून गोठ्यात येऊ दिलं न्हाईस?”

“मग काय करू?”

“पण माझ्याकडं का घालत न्हाईत?” रंगरावाने काखेतल्या ट्रेनीकडे बघत विचारलं. खरंच दुखावला होता.

उत्तर भागूबाईने दिलं. तिने खुराडं बघितलं, पाटी बघितली, आणि खुराड्याच्या तोंडाशी टाकलेली खुर्ची बघितली.

“भावजी, कोंबडीला अंडं घालायला आडोसा लागतो. तुमी म्होरं खुर्ची टाकून दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत बसता. बाहेर कुणी दार वाजवलं तर तुमाला तरी हुतंय का?”

प्रज्वलने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

अंडी मोजली गेली. त्रेचाळीस भरली. प्रज्वल म्हणाला, अट खुराड्यातल्या अंड्यांची होती. रंगराव म्हणाला, प्लांट बदलला म्हणून माल दुसऱ्याचा होत नसतो. वाद वाढला असता, पण निरंजनराव मध्ये पडले. ते केव्हाचे बादलीपाशी उकिडवे बसून एकेक अंडं उजेडात धरून बघत होते.

“जावईबापू, पाना ठेवा खाली. असली अंडी मी बीड सोडल्यापासून बघितली नाहीत. गाडीचं काय, प्लास्टिक आहे. पाइप लावला की साफ.” त्यांनी गाडीकडे बोट केलं. “मी म्हणत नव्हतो, काढू नये म्हणून? आता वर्षभर काढत नाही. गाडी फाटकाबाहेर लावीन पुढच्या खेपेला. ह्यातली दोन डझन मला पाहिजेत तेवढी.”

असं खुराडं वाचलं. रंगरावाने ट्रेनीला खाली ठेवलं आणि उपरण्याने नाक पुसलं. ऊन लागलं होतं म्हणे.

तेवढ्यात मुरारीला आठवण झाली. “पण मग ह्या डब्यातल्या दोन कुठल्या? तुझ्या कोंबड्यांची पंधरा दिवस मी बघतोय. सगळी तपकिरी.” त्याने कागदातून एक अंडं हात न लावता गरगर फिरवलं. “ही तर खंडूच्या ट्रेमधली दिसत्यात.”

अंगणात सगळ्यांच्या माना हळूहळू मंजुळाबाईकडे वळल्या. ती हातात न थिजलेल्या खरवसाचं पातेलं घेऊन दारात उभी होती.

“माझ्याकडं काय बघता?” ती म्हणाली. “जेवत नव्हते. पंधरा दिवस अर्धी अर्धी भाकरी. ते पाऊण तास आत बसले की मी एक-दोन ठेवून यायची. काल लवकर बाहेर आले म्हणून पदरात राह्यली तीन. आन आता तुमी सांगा, चिकात पाणी कुणी घातलं?”

“पाणी न्हाई, दूध,” रंगराव म्हणाला. खोटं त्याला खपत नसे.

मग जेवणं झाली. पनीरच्या भाजीऐवजी अंड्याचा रस्सा झाला आणि खरवस वाटीतून प्यावा लागला. मुरारी आणि भागूबाई अंगणात बसून फक्त खरवस प्यायले. जेवताना रंगराव रश्श्यातलं अंडं उलटंपालटं करून तपासत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “म्हंजी एवढ्या दह्याचा काहीच फायदा झाला न्हाई?”

“झाला की,” प्रज्वल म्हणाला. “काल सव्वासहाची बस मिळाली मला. या वर्षात पहिल्यांदा.”

“भावजींनी पोटासाठीच तर नेलं हुतं दही,” अंगणातून भागूबाई म्हणाली.

त्या दिवसापासून खुर्ची घराच्या मागे गेली, कोंबड्यांचं दही बंद झालं आणि खुराड्यात रोज तीन-चार तपकिरी अंडी येऊ लागली. रंगरावाची वाटी मात्र भागूबाई न चुकता धाडते. तो आता चार मिनिटांत बाहेर येतो. एवढ्या वेळात काही विचार करायला जमत नाही. त्यामुळे त्या घरात तेव्हापासून एकही मोठा निर्णय झालेला नाही, आणि सगळे सुखात आहेत.